मिठागरातल्या बाळंतिणी

खाडीकडच्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली, त्याच सुमाराला सुनेनं बोलणं टाकलं. आत्याच्या नजरेत आधी भरला तो बांध.

वाफ्यांत मीठ धरायला लागलं होतं. ऊन असं, की वर बघितलं तरी डोळे दिपायचे आणि खाली बघितलं तरी. अशात बांधाच्या आतल्या अंगाला ओल आली. ओल आली म्हणजे खाडीचं पाणी झिरपतंय. आज झिरपतंय, उद्या बांध फोडून आत येईल आणि धरलेलं मीठ विरघळवून टाकेल. मेहनत पाण्यात जाणं म्हणजे काय, हे मिठागरातल्या माणसांना म्हणीतून शिकावं लागत नाही.

मुकादम सायकल आडवी टाकून बांधावर चढला. चपलेच्या टाचेनं त्यानं एक ढेकूळ दाबलं. ते लोण्यासारखं बसलं.

"हा पट्टा तुमच्याकडे," तो आत्याच्या मुलाला म्हणाला. "मोठं उधाण यायच्या आत बुजला पाहिजे."

"बुजवतो की."

"बुजवतो म्हणू नकोस. माणसं कोण कोण?"

"मी, आई, आणि ही."

मुकादमानं झोपडीकडे मान वळवली. "बाळंतीण उठली का?"

"कधीच उठली," आत्याच मध्ये बोलली. "लोळायला तिला काय झालंय?"

तिला आत्या म्हणायची तिची सून. पण मिठागरात एकानं हाक मारली की ती सगळ्यांची होते, तशी ती सगळ्यांचीच आत्या झाली होती. हाडं काटक, तळपाय भेगांनी फाटलेले, हातात मीठ ओढायची लाकडी फळी नसली तर हात कुठे ठेवावेत हे तिला कळायचं नाही. तिची चार बाळंतपणं अशाच झोपड्यांत झाली होती. त्यातला हा एक मुलगा जगला. बाळंतपण म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको, अशी तिची खात्री होती.

मुलगा चिखल खणायचा, आत्या आणि सून टोपल्या वाहायच्या. दीडेक महिन्याची पोर झोपडीत, छताच्या वाशाला बांधलेल्या झोळीत. सुनेच्या छातीवर दुधाचे डाग पडायचे, ते उन्हात वाळून कडक व्हायचे, वर परत ओले व्हायचे. पोर रडायची. आवाज वाफ्यांवरून सरळ यायचा, मध्ये अडवायला एक झाड नाही. आत्याला ऐकू यायचा, पलीकडच्या वाफ्यातल्या बायकांना ऐकू यायचा. सुनेला ऐकू यायचा नाही.

"अगं, पोर रडतेय."

सून टोपली डोक्यावर घेऊन उभी.

"बहिरी झालीस का? जा, पाज तिला."

मग ती जायची. सांगितलं की जायची, सांगितलं की यायची. जेव म्हटलं की दोन घास तोंडात घालून तिसरा हातात धरून बसायची. सगळ्यात वाईट म्हणजे वाफ्यात मीठ ओढता ओढता मध्येच थांबायची आणि त्या पांढऱ्याकडे बघत राहायची.

"मीठ काय डोळ्यांनी ओढतेस?" आत्या ओरडायची. आजूबाजूच्या बायका हसायच्या. लग्न होऊन आली तेव्हा हीच सून या बायकांच्या नकला करून त्यांना हसवायची. मुकादमाची चाल तर अशी करून दाखवायची की एकदा खुद्द मुकादमच मागे येऊन उभा राहिलेला. आता ती हसण्याच्या दिशेला मानही वळवत नव्हती.

एके दुपारी आत्या पाणी प्यायला झोपडीत आली. सून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर पीत नव्हती, रडत नव्हती, नुसती वर बघत होती. आणि सून खाली.

"आत्या," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिनं आपणहून तोंड उघडलं होतं. "ही माझ्याकडे अशी का बघते?"

"मग काय माझ्याकडे बघेल? आई आहेस तू तिची."

"तिला कळलंय."

"काय कळलंय?"

सून पुन्हा पोरीकडे बघायला लागली. आत्यानं पाण्याचं भांडं तसंच खाली ठेवलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी तिच्या दंडावर काटा आला. पण ती बोलली ते नेहमीचंच. "काहीतरी बरळू नकोस. चल, चिखल वाळतोय."

शेजारच्या झोपडीत एक उंच बाई राहायची. सगळे तिला शिडी म्हणायचे. तिलाही त्याच सुमाराला मुलगा झाला होता. तीच बातमी घेऊन आली.

"गावातल्या दवाखान्यात शहरातून एक बाई आलीय. बाळंतिणींना बसवून घेते आणि मनातलं विचारते. झोप लागते का, रडू येतं का. डॉक्टर लोकांचा अभ्यास चाललाय म्हणे, बाळंतपणानंतर काही बायकांचं मन आजारी पडतं त्याचा. गावातल्या सगळ्या तिला प्रश्नवाली म्हणतात."

"मनाला काय ताप येतो?" आत्या म्हणाली.

शिडीनं सुनेकडे बघितलं, मग आत्याकडे. "जाऊन तर या," ती हलक्या आवाजात म्हणाली.

मुलगा कुरकुरला. बांधाचं काम अर्धं पडलं होतं. तरी आत्या सुनेला घेऊन निघाली. बांधावरून, मग चिखलाच्या वाटेनं, मग डांबरी रस्त्यानं. पोर आत्याच्या खांद्यावर होती. सून मागून चालत होती. आत्या थांबली की थांबायची.

दवाखान्यात नुकतीच फरशी पुसलेली. दोघींच्या पायांना मीठ चिकटलेलं, ते वाळून पांढरं झालेलं. दोन पावलं टाकली तर फरशीवर पांढरे ठसे उठले. झाडणारीनं फडकं आपटलं. "बाहेर बसा! आत्ताच पुसलंय."

त्या पायरीवर बसल्या. आत गावातल्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या, बाळांना टोपडी घातलेली. प्रश्नवाली तरुण होती, चष्म्याची. एकेकीशी अगदी मान वाकवून बोलायची. शेवटी ती स्वतः बाहेर आली आणि उकिडवी बसली.

"कुठून आलात?"

"मिठागरातून. ही सून. ही बोलत नाही. पूर्वी बोलायची."

प्रश्नवालीनं सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात दारातून नर्सबाई म्हणाली, "अहो, ते हंगामी लोक आहेत. पावसाच्या आत जातात निघून. आज इथे तर उद्या तिथे, त्यांना कुठे शोधणार तुम्ही?"

"या गावचा पत्ता नाही?" प्रश्नवालीनं आत्याला विचारलं. "वर्षभर राहता का इथे? आम्हाला पुन्हा पुन्हा येऊन विचारावं लागतं हो. सहा महिन्यांनी, वर्षानी."

"झोपडी आहे की. हंगामापुरती."

"मग या अभ्यासात घेता नाही येणार मला." ती खरंच ओशाळली होती. "तसा नियमच आहे. तुम्ही डॉक्टरांना दाखवा ना."

"डॉक्टर कधी येतात?"

"या आठवड्यात नाहीत," नर्सबाई म्हणाली.

आत्या उठली. खुर्च्यांवरच्या बायका बघत होत्या. त्यातली एक शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली, आणि आत्याला वाटलं ते आपल्या पायांबद्दलच असणार. परत येताना डांबरी रस्ता संपेपर्यंत ती भराभर चालत राहिली. मग चिखलात पाय पडला तशी ती सुनेवर उखडली.

"तुझ्यापायी शोभा झाली माझी. भिकाऱ्यासारखं पायरीवर बसवलं. काय दुखतंय तुला? धड दुखणं तरी असावं माणसाला, बोट ठेवून दाखवता येईल असं!"

सून ऐकत होती. तिनं एवढंच केलं, की आत्याच्या खांद्यावरची पोर घ्यायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. त्या दिवसानंतर तिनं पोरीला आपणहून उचललं नाही.

उधाण जवळ येत चाललं तशी बांधाची ओल वाढली. एक भोक बुजवावं तर हातभर पुढे दुसरं. मुलगा चिडका झाला होता. त्याच्या पाठीवर चिखलाचे पोपडे, ओठ फुटलेले. आत्याचा खांदा टोपल्यांनी सोलून निघाला होता, त्यावर मिठाचं पाणी उडालं की ती दात आवळून श्वास घ्यायची.

अशात एका सकाळी प्रश्नवाली मिठागरातच आली. बरोबर एक वयस्कर डॉक्टरीणबाई. मुकादम पुढे, सायकल हातात धरून.

झालं होतं असं, की अभ्यास तपासणाऱ्यांनी वरून ठपका ठेवला होता. तुम्ही घेतलेल्या बायका सगळ्या एकाच साच्याच्या आहेत, पक्क्या घरातल्या, शिकलेल्या. मजुरी करणाऱ्या, गाव सोडून फिरणाऱ्या बायका कुठे आहेत? त्यांच्याशिवाय हे बाळंतिणींचं चित्र कसं म्हणायचं? तेव्हा आता नियम सैल झाला होता आणि मिठागरातल्या बाळंतिणी हव्या होत्या.

मुकादमानं झोपड्यांतून हाका मारल्या. "चला, बाळंतिणी सगळ्या काट्याच्या शेडमध्ये या. लवकर आटपा, काम खोळंबलंय."

सून उठली तसा मुलगा तिच्याजवळ गेला. "नीट बोल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मुकादम तिथेच असणार. हिला काम होत नाही असं त्याच्या कानावर गेलं, तर हंगामाच्या मध्येच बोचकं बांधायला लावेल. सगळं बरं आहे म्हण." तो दुष्ट नव्हता.

मीठ तोलायच्या शेडमध्ये गोण्यांवर पाच बाळंतिणी बसल्या. डॉक्टरीणबाई मुकादमाला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" तो दारापर्यंत गेला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. तेही बाहेरच की. आत्या पोरीला घेऊन मागे भिंतीशी उभी होती.

"गेल्या आठवड्यात तुम्हाला हसू येत होतं का? आधी यायचं तसं?" प्रश्नवालीनं विचारलं.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "हे बघा, आलं," एक म्हणाली.

"काही कारण नसताना भीती वाटते का?"

"कारण असताना वाटते," शिडी म्हणाली, आणि पटकन दाराकडे बघून गप्प झाली.

मग एकेकीला जवळ घेऊन प्रश्न झाले. सुनेचा नंबर आला. झोप? लागते. रडू? नाही. काम झेपतं? झेपतं. उत्तरं अशी भराभर येत होती, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या तब्येतीबद्दल सांगत होती. शेवटी प्रश्नवाली थोडी पुढे वाकली.

"स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावं, असं कधी मनात आलं?"

दारात मुकादम खाकरला.

"नाही," सून म्हणाली.

प्रश्नवालीनं कागदावर खूण केली. आत्यानं तोंड उघडलं. ही खोटं बोलतेय, पोरीला उचलत नाही, रात्रभर छताकडे बघत पडते. सगळं जिभेवर आलं होतं. मुकादमाची नजर तिच्यावरून फिरली आणि बांधाच्या दिशेनं गेली. आत्यानं ओठ मिटले. पाचही जणींचं सगळं ठीक निघालं. डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या, "चिवट असतात बायका इथल्या." त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं.

मोठं उधाण आलं ते दिवस कलायच्या आधी. सकाळपासून वारा खाडीकडून होता आणि पाणी नेहमीच्या खुणेवर थांबायला तयार नव्हतं. बांधावर सगळी माणसं जमली. मुलगा कंबरभर पाण्यात उतरून मातीच्या गोण्या रचत होता. आत्या धावत टोपल्या आणत होती. सुनेला तिनं झोपडीत बसायला सांगितलं होतं, पोरीजवळ.

टोपली ओतून वळताना तिला झोपडीचं दार सताड उघडं दिसलं.

तिनं नजर फिरवली. बांध पुढे वळून खाडीच्या तोंडाशी जातो, तिथे पाणी आत घ्यायचा लाकडी दरवाजा आहे. मिठागरात सगळ्यात खोल पाणी तिथे. त्या बाजूला आज कुणी नव्हतं. आणि सून त्या बाजूला चालली होती. सरळ, सावकाश, बाजारातून घरी जावं तशी. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली पोर होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिनं तिला आपणहून उचललं होतं.

आत्यानं टोपली टाकली.

"आई, माती!" मुलगा पाण्यातून ओरडला. "आई, सुटतंय इथे!"

ती धावत सुटली. ओल्या बांधावरून पाय घसरत होते. एकदा पडली, गुडघा फुटला, उठली. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाकेनं ती दचकली तर? आत्यानं हाक गिळली. शेवटचा पट्टा ती दबक्या पावलांनी चालली.

सून दरवाजाच्या फळ्यांवर बसली होती. पाय खाली सोडलेले, तळवे पाण्याला लागलेले. पोर तिच्याशेजारी फळीवर ठेवलेली, अगदी कडेला. फडकं मात्र चारी बाजूंनी नीट खोचलेलं. खाली पाणी फळ्यांच्या फटींतून फुसफुसत आत घुसत होतं.

आत्याला वाटलं, झडप घालून पोर ओढावी. पण ती तशीच खाली बसली, पोरीच्या पलीकडे. एक हात हळूच फडक्यावर ठेवला. पोर गरम होती. झोपली होती.

आजवर ती सुनेवर रागावत, तिला समजावत, दटावत आली होती.

"काय होतंय गं तुला?" ती म्हणाली. हे विचारायचंच राहून गेलं होतं.

"मला माझ्या जिवाचं रोज वाटतं," सून म्हणाली. आवाज कोरडा. "सकाळी डोळे उघडले की वाटतं. त्याची सवय झाली. हिचं आज पहिल्यांदा वाटलं." ती पोरीकडे बघत नव्हती. "मी गेल्यावर हिचं काय, असं वाटलं. मग वाटलं, दोघीच जाऊ. मग इथे आले आणि हिला थंडी वाजेल म्हणून फडकं खोचत बसले. खोचून झालं की परत खोचत होते."

"बरं केलंस."

"मी वाईट आहे आत्या."

"आजारी आहेस. बोट ठेवून दाखवता येत नाही, एवढंच." आत्यानं पोर मांडीवर ओढली आणि दुसऱ्या हातानं सुनेचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तिची नखं रुतली. सुनेनं हात सोडवून घेतला नाही. मागे बांधावरून एकदम आरडाओरडा उठला आणि पाण्याचा मोठा आवाज आला. आत्यानं वळून बघितलं नाही. बांध फुटला होता, तो कसा फुटतो हे तिनं आयुष्यात पुष्कळदा बघितलं होतं.

त्यांच्या पट्ट्यातले सगळे वाफे बुडाले. मुकादम झोपडीसमोर येऊन नको नको ते बोलला. ऐन वेळी जागा सोडून म्हातारी पळाली, हे सगळ्यांनी बघितलं होतं. "बोचकं बांधा," तो म्हणाला. मुलगा आईकडे बघत राहिला, चिखलानं माखलेला, काही न समजलेला.

"माझ्याकडे काय बघतोस?" आत्या सगळ्यांसमोर म्हणाली. "बायको आणि लेक खाडीत जात होत्या तुझ्या. मी बांध धरला असता तर त्या गेल्या असत्या."

मुलगा झोपडीत धावला. मुकादम सायकल घेऊन निघून गेला. पण बोचकं बांधा हा शब्द त्यानं मागे घेतला नाही.

सकाळी पोर खांद्यावर टाकून ती सुनेला आणि मुलाला घेऊन दवाखान्यात गेली. पायांचे ठसे उठले, झाडणारी ओरडली, आत्या थांबली नाही. प्रश्नवाली सामान आवरत होती. तिचं इथलं काम संपलं होतं.

"त्या दिवशी हिनं सांगितलं ते खरं नव्हतं," आत्या म्हणाली. "मुकादम दारात होता. मी पण होते, मी पण गप्प राहिले. काल ही पोरीला घेऊन खाडीवर गेली होती."

प्रश्नवालीनं हातातलं सामान खाली ठेवलं. "ते सगळं वर पाठवलं आम्ही," ती पुटपुटली. "पाचही जणी ठीक आहेत असं."

"ते तुमचं तुम्ही बघा. आता हिचं काय करायचं ते सांगा."

मग मात्र ती हलली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मोठ्या दवाखान्यात आजच न्यायचं, एकटं क्षणभर सोडायचं नाही, असं ठरलं. टेम्पो मिळाला. प्रश्नवाली स्वतः मागे सुनेशेजारी बसली.

टेम्पो मिठागराच्या फाट्यावरून वळत होता, तेव्हा वाफ्यांतून कुणीतरी धावत आलं. शिडी होती. काखेत मुलगा, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेले. तिनं चालत्या टेम्पोची फळी धरली.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "माझंही सगळं खोटं लिहिलंय."

प्रश्नवालीनं ड्रायव्हरच्या काचेवर थापा मारल्या. टेम्पो थांबला. तिनं शिडीला हात दिला आणि वर घेतलं. वाफ्यांमध्ये आणखी तिघीजणी फळ्या हातात धरून इकडेच बघत उभ्या होत्या. त्यांच्यातली कोण कशासाठी बघत होती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. त्यांच्यामागे मुकादमाची सायकल येताना दिसली आणि तिघींनी माना खाली घातल्या. टेम्पो सुटला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सुनेला आत नेलं; शिडी बाळाला घेऊन बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसली. मुलगा मागोमाग निघाला, त्याला त्यांनी बाहेरच थांबवलं. आत्यालाही. दार आतून लावून घेतलं. गोळ्यांनी लगेच काही होत नाही, आठवडे लागतात, तोवर डोळ्यात तेल घालून जपायला लागेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आठवडे कुठे काढायचे ते कुणालाच माहीत नव्हतं. झोपडी गेली होती.

आत्या पोरीला घेऊन दाराबाहेर उभी राहिली. आधी आतून काहीच ऐकू येईना. मग सुनेचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. अडखळत सुरू झालेला तो आवाज हळूहळू सलग झाला आणि थांबेना.

पोर जागी झाली. भुकेनं तोंड वेडंवाकडं करायला लागली, मग रडायला. मुलगा उठून दाराकडे हात नेणार, तेवढ्यात आत्यानं त्याला डोळ्यांनीच अडवलं.

"रडू दे थोडी," ती म्हणाली, आणि पोरीला खांद्यावर थोपटत त्या लांबलचक बोळात येरझाऱ्या घालायला लागली.